उपद्रवी लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलचे कॅलिबर कसे निवडावे

उत्तर अमेरिकेतील कुरणे आणि शेते पोखरणारे प्रेअरी डॉग व ग्राउंडहॉग (दोन्ही खारीच्या कुळातील प्राणी) आणि बिळांत राहणाऱ्या खारी, तसेच कोकरांवर आणि वासरांवर हल्ला करणारे कायोटी (कोल्ह्यासारखे रानटी प्राणी), यांच्या शिकारीला तिथे व्हार्मिंट हंटिंग असे म्हणतात. हरणाच्या शिकारीत संपूर्ण दिवसात एखादीच गोळी झाडली जाते आणि ती मोठ्या प्राण्याच्या जाड हाडामांसातून खोल जावी लागते. इथे परिस्थिती बरोबर उलटी असते. लक्ष्य लहान असते, अंतर बहुधा लांब असते आणि प्रेअरी डॉगची मोठी वसाहत असेल तर एका दिवसात शंभराहून अधिक काडतुसे सहज संपतात. त्यामुळे हरणाच्या रायफलीचे निकष इथे लावले तर निवड चुकण्याचाच संभव अधिक असतो.

काळ्या शेपटीचा प्रेअरी डॉग साधारण एक किलो वजनाचा असतो. मागच्या पायांवर उभा राहिला तर तो सुमारे फूटभर उंच आणि जेमतेम तीन-चार इंच रुंद दिसतो. एवढ्याशा प्राण्याला मारण्याची शक्ती बाजारातील सर्वांत दुबळ्या काडतुसातही असते. तेव्हा काडतूस किती जोरकस आहे हा प्रश्न बाजूला ठेवून आपण किती अंतरावरून, किती वाऱ्यात, दिवसाला किती वेळा आणि कोणत्या पार्श्वभूमीवर गोळी झाडणार आहोत, हे प्रथम ठरवावे. या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली की कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या इंचांतील व्यासावरून नाव पडलेल्या काडतुसांची, यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. .२२ हॉर्नेट, .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन आणि .२२० स्विफ्ट या चारही काडतुसांत आज .२२४ इंच व्यासाचीच गोळी बसवलेली असते, पण त्यांत मावणाऱ्या दारूचे प्रमाण वेगवेगळे असल्यामुळे त्यांच्या वेगात आणि पल्ल्यात मोठा फरक पडतो. म्हणजे निवड केवळ व्यासाची नसून संपूर्ण काडतुसाची असते.

अंतर आणि वारा

बहुतेक खरेदीदार गोळी किती खाली येते याची चिंता करतात आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. गोळी किती खाली येणार हे अंतर मोजण्याच्या यंत्राने आणि तक्त्याने आधीच समजते, वारा मात्र दर मिनिटाला बदलतो आणि तो अंदाजानेच ओळखावा लागतो.

उदाहरणादाखल .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वजनाची प्लास्टिक टोकाची गोळी घेऊ. ती नळीतून दर सेकंदाला ३,२४० फूट वेगाने निघते. २०० यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट) नेम बसवला, म्हणजे गोळी तिथे नेमकी लागेल अशी दुर्बीण जुळवली असेल तर ३०० यार्डांवर ती सुमारे ६ इंच खाली लागते आणि आडवा वारा ताशी १० मैल असेल तर साधारण साडेदहा इंच बाजूला सरकते. तेच वजन आणि तीच गोळी .२२-२५० मधून दर सेकंदाला ३,६८० फूट वेगाने निघते, तेव्हा ३०० यार्डांवर ती साडेचार इंचांच्या आसपास खाली येते आणि ९ इंच सरकते. दारू जवळजवळ दीडपट जळते, नळी अधिक तापते आणि वाऱ्याच्या बाबतीत मिळणारा लाभ मात्र दीड इंचाचा असतो.

आता वाऱ्याचा अंदाज ताशी तीन मैलांनी चुकला असे धरू, आणि मोकळ्या माळावर एवढी चूक अनुभवी माणसाकडूनही होते. ३०० यार्डांवर .२२३ ची गोळी तीन इंचांहून थोडी जास्त भरकटेल आणि .२२-२५० ची पावणेतीन इंच. प्राण्याची अर्धी रुंदी दोन इंचांहून कमी असल्याने दोन्ही गोळ्या हुकणार. याचा अर्थ असा की काडतूस बदलून वाऱ्याची समस्या थोडी सौम्य होते, सुटत नाही. ती सुटते ती भरपूर सरावाने, आणि भरपूर सराव स्वस्त काडतुसावरच परवडतो. निवडीच्या संपूर्ण विचारात हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

व्यास लहान म्हणजे वाऱ्यात जास्त वाहवत जाणारी गोळी, हा समजही तपासून पाहावा. २००४ साली हॉर्नाडी आणि रूगर या कंपन्यांनी मिळून आणलेल्या .२०४ रूगरमधील ४० ग्रेनची गोळी दर सेकंदाला ३,९०० फूट वेगाने निघते आणि ३०० यार्डांवर ताशी १० मैलांच्या वाऱ्यात सुमारे ८ इंचच सरकते, म्हणजे व्यासाने मोठ्या असलेल्या ५५ ग्रेनच्या गोळीपेक्षा कमी. आपल्या व्यासाच्या मानाने गोळी किती लांब आणि निमुळती आहे, यावर तिची हवेतील टिकून राहण्याची क्षमता अवलंबून असते. बॅलिस्टिक कोएफिशंट नावाचा जो आकडा गोळ्यांच्या खोक्यावर छापलेला असतो तो याच क्षमतेचे मोजमाप आहे. तो जितका मोठा तितका वेग कमी घटतो. .२०४ मधील ४० ग्रेनच्या गोळीचा हा आकडा .२७५ आहे, .२२४ व्यासातील ४० ग्रेनच्या तशाच गोळीचा मात्र .२०० आहे.

रिमफायर काडतुसे

रिमफायर म्हणजे तळाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे काडतूस. पाऊणशे यार्डांच्या आतील खारींसाठी .२२ लाँग रायफल हे १८८७ पासून चालत आलेले काडतूस आजही उत्तम आहे. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही आणि काडतूस सर्वांत स्वस्त. त्याची मर्यादा वेगाची आहे. ४० ग्रेनची गोळी दर सेकंदाला १,२०० फुटांच्या आसपास निघते आणि ५० यार्डांवर नेम बसवल्यास १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली उतरते. शिवाय टणक जमिनीवर किंवा पाण्यावर ही संथ, मऊ शिशाची गोळी फुटण्याऐवजी उसळते आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. ७५ यार्डांपलीकडे तिच्यावर विसंबू नये.

२००२ साली आलेल्या .१७ एचएमआरने (हॉर्नाडी मॅग्नम रिमफायर) हे चित्र बरेच बदलले. १९५९ च्या .२२ विंचेस्टर मॅग्नमचेच कवच (दारू भरलेली धातूची नळकांडी) तोंडाशी आवळून त्यात १७ ग्रेनची इवलीशी गोळी बसवलेली असते आणि ती दर सेकंदाला २,५५० फूट वेगाने जाते. १०० यार्डांपर्यंत तिचा मार्ग जवळपास सरळ असतो, अचूकता वाखाणण्याजोगी असते आणि लागलेल्या जागी गोळी फुटून जाते. तिचा शत्रू वारा. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ती १०० यार्डांवर तीन इंचांहून थोडी अधिक सरकते, पण २०० यार्डांवर हेच सरकणे सुमारे १५ इंचांवर जाते. म्हणून शांत हवेत १५० यार्ड हीच तिची व्यवहार्य सीमा मानावी. खारींच्या कुरणात दिवस काढायचा असेल आणि अंतरे मध्यम असतील, तर यापेक्षा सुखाचे काडतूस नाही, असे मी म्हणेन. २० ग्रेनची गोळी ३,००० फूट वेगाने सोडणारे .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम हे आणखी पुढचे पाऊल आहे, पण त्याच्या रायफलींची निवड मर्यादित आहे.

या सर्व काडतुसांची कवचे एकदाच वापरता येतात, ती पुन्हा भरता येत नाहीत. त्यामुळे दुकानात जे मिळेल त्यावरच अवलंबून राहावे लागते.

सेंटरफायरमध्ये सुरुवात .२२३ पासून

दोनशे यार्डांपलीकडे जायचे असेल तर सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणारे, काडतूस घ्यावे लागते, आणि वेगळे घेण्यासाठी ठोस कारण नसेल तर ते .२२३ रेमिंग्टन असावे. मूळ धागा १९५० साली रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी तयार केलेल्या .२२२ रेमिंग्टनपर्यंत जातो. अचूकतेच्या स्पर्धांत दीर्घ काळ गाजलेल्या त्या काडतुसाचे कवच थोडे लांबवून .२२३ घडले, आणि त्याचेच लष्करी रूप जगभर पसरल्याने आज त्याच्याइतके विपुल, विविध आणि स्वस्त सेंटरफायर काडतूस दुसरे नाही. ३५ ग्रेनपासून ७७ ग्रेनपर्यंतच्या आणि त्याहूनही जड गोळ्या त्यात मिळतात. ३०० यार्डांपर्यंत ते निःशंकपणे काम करते आणि शांत हवेत, हात बसलेला असेल तर, ४०० यार्डांवरही निराश करत नाही.

त्याचा दुसरा मोठा गुण धक्क्याचा आहे. जड नळीची .२२३ रायफल इतकी कमी हलते की गोळी लागण्याचा किंवा हुकण्याचा क्षण झाडणाऱ्याला स्वतःच दुर्बिणीत दिसतो. धूळ डावीकडे उडाली की उजवीकडे हे डोळ्यांनी पाहता आले तर पुढच्या गोळीची दुरुस्ती लगेच करता येते. .२४३ विंचेस्टरचा धक्का याच्या दुपटीहून अधिक असल्याने दुर्बीण लक्ष्यावरून उडते आणि नेमकी हीच माहिती हातची जाते. कागदावरच्या तक्त्यांत हा गुण कुठेच दिसत नाही.

सुरक्षिततेच्या दोन बाबी इथेच नोंदवतो. ५.५६ नाटो या लष्करी काडतुसाचे बाह्य माप .२२३ सारखेच असले तरी त्याच्यासाठी केलेला कक्ष (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते ती जागा) वेगळा असतो. ५.५६ च्या कक्षात .२२३ चालते, परंतु केवळ .२२३ असे कोरलेल्या रायफलीत ५.५६ झाडल्यास दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. त्याहून गंभीर बाब .३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या काडतुसाची आहे. त्याची काही काडतुसे .२२३ च्या कक्षात बसतात आणि झाडल्यास रायफल फुटते. दोन्ही प्रकारच्या रायफली घरात असतील तर त्यांची काडतुसे आणि मॅगझिन एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

.२२-२५० कडे वळण्याचे ठोस कारण म्हणजे नेहमीचे अंतर ३०० ते ४५० यार्ड असणे. .२५० सॅव्हेजचे कवच आवळून हौशी कारागिरांनी १९३० च्या दशकात ते घडवले आणि रेमिंग्टनने १९६५ साली त्याला कारखान्याचे रीतसर काडतूस केले. त्याच्याही आधी, १९३५ साली, विंचेस्टरने आणलेले .२२० स्विफ्ट ४८ ग्रेनची गोळी दर सेकंदाला ४,११० फूट वेगाने सोडत असे आणि तो आकडा त्या काळी अचंबित करणारा होता. स्विफ्ट आजही सुंदर काडतूस आहे, पण नव्या रायफली आणि तयार काडतुसे शोधावी लागतात. स्वतः काडतुसे भरणाऱ्या जाणकाराने ते जरूर घ्यावे, इतरांनी .२२-२५० वर समाधान मानावे.

या दोघांची किंमत नळी चुकवते. बारीक छिद्रातून जितकी जास्त दारू जळते तितका नळीचा कक्षालगतचा भाग लवकर झिजतो, आणि तापलेल्या नळीतून सलग गोळ्या झाडल्या तर ही झीज फार वेगाने होते. .२२३ ची नळी काही हजार गोळ्या सहज टिकते, .२२-२५० ची त्याच्या तुलनेत बरीच आधी थकते. म्हणून दाट वसाहतीवर दिवसभर बसणाऱ्या माणसाने .२२-२५० एकटे नेऊ नये. जवळच्या प्राण्यांसाठी .२२३ किंवा .१७ एचएमआर आणि दूरच्यांसाठी .२२-२५० अशी जोडी आलटून-पालटून वापरली की दोन्ही नळ्यांना थंड होण्यास वेळ मिळतो. नळी हाताला सोसवेनाशी झाली की थांबलेच पाहिजे.

.२०४ रूगर हा .२२३ आणि .२२-२५० या दोहोंच्या मधला, आणि काही बाबतींत दोघांहून सरस असा पर्याय आहे. ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फूट वेगाची ओळख घेऊन बाजारात आली. तिचा मार्ग अतिशय सपाट आहे, धक्का .२२३ इतकाच सौम्य आहे आणि दारू .२२-२५० पेक्षा कमी लागते. केवळ प्रेअरी डॉग आणि ग्राउंडहॉग हेच ध्येय असेल तर मी ते .२२-२५० च्या आधी सुचवेन. काडतुसांची विविधता मात्र .२२३ च्या मानाने तोकडी आहे.

.२२ हॉर्नेटचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९३० पासून कारखान्यात बनणारे हे चिमुकले काडतूस वस्तीजवळच्या शेतांत, २०० यार्डांच्या आत, आजही शोभते, कारण त्याचा आवाज मोठ्या काडतुसांइतका दूरवर त्रास देत नाही.

नळीचा पीळ

कॅलिबर ठरल्यावर दुकानदाराला पहिला प्रश्न नळीच्या पिळाविषयी विचारावा. नळीच्या आतील सर्पिल खाचा गोळीला फिरवतात आणि त्या फिरण्यामुळेच ती स्थिर राहते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो हा आकडा म्हणजे पीळ, आणि आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट. गोळी जितकी लांब तितका घट्ट पीळ लागतो.

याचा सर्वांत बोलका दाखला १९५५ सालचा आहे. त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी जवळपास समान क्षमतेची काडतुसे आणली. विंचेस्टरने १० इंचांचा पीळ दिला, त्यामुळे हलकी गोळी उपद्रवी प्राण्यांसाठी आणि १०० ग्रेनची गोळी हरणांसाठी, अशी दोन्ही कामे एकाच रायफलीने होऊ लागली. रेमिंग्टनने आपले काडतूस मुख्यतः लहान प्राण्यांसाठी मानून १२ इंचांचा सैल पीळ ठेवला आणि जड गोळ्यांच्या बाबतीत ते मागे पडले. पुढे तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नव्या नावाने आणि घट्ट पिळासह आणावे लागले. काडतुसात दोष नसतानाही केवळ पिळामुळे बाजार हातचा गेला.

.२२३ मध्ये १२ इंचांच्या पिळाला ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मानवतात, ९ इंचांचा पीळ ४० ते ६९ ग्रेनपर्यंत सांभाळतो आणि ७५ ते ७७ ग्रेनच्या लांब गोळ्यांसाठी ८ इंचांचा पीळ लागतो. माझी शिफारस ९ किंवा ८ इंचांची आहे. जुन्या .२२-२५० रायफलींत १४ इंचांचा पीळ सर्रास असे, त्यांत ५५ ग्रेनच्या वर जाऊ नये. उलट दिशेनेही मर्यादा आहे. फार पातळ कवचाची हलकी गोळी घट्ट पिळाच्या नळीतून अतिवेगाने सोडली तर फिरण्याच्या जोरानेच ती हवेत विस्कटू शकते.

गोळीची घडण आणि पार्श्वभूमी

या शिकारीसाठीच्या गोळ्यांचे तांब्याचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि टोकाला प्लास्टिकची चोच असते. हॉर्नाडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग आणि नॉस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट या तिन्ही याच पठडीतल्या. आघात होताच ती चूर होते, त्यामुळे प्राणी तत्काळ मरतो आणि जमिनीवर आपटलेली गोळी उसळून पुढे जाण्याचा धोका बराच कमी होतो. पूर्ण आवरणाची लष्करी धाटणीची गोळी स्वस्त असली तरी ती प्राण्याला जखमी करून आरपार जाते आणि उसळतेही. तिचा वापर कागदी लक्ष्यापुरताच ठेवावा.

तथापि फुटणारी गोळी म्हणजे सुरक्षित गोळी नव्हे. साध्या .२२ ची गोळीदेखील दीड मैलापर्यंत धोकादायक ठरू शकते, असा इशारा खोक्यांवर छापलेला असतो. प्राण्यामागे मातीचा उतार किंवा बांध नसेल, क्षितिजावर मोकळे आकाश दिसत असेल, तर कोणत्याही कॅलिबरने गोळी झाडू नये.

फुटलेल्या शिशाचे बारीक कण मेलेल्या प्राण्यात राहतात आणि ते खाणाऱ्या गरुडांना व गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या आहेत. शिसे नसलेली गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब होते, म्हणजे पिळाचा प्रश्न पुन्हा येतो. तिथे शिकार करणाऱ्याने कॅलिबर ठरवण्याआधीच त्यात शिसेविरहित हलकी गोळी मिळते का, हे पाहावे. बार्न्सची ३६ ग्रेनची व्हार्मिंट ग्रेनेड .२२४ व्यासात याच गरजेतून वापरली जाते.

कायोटीसाठी वेगळा विचार

कायोटीचे वजन साधारण १० ते २० किलो असते आणि तो चिवट प्राणी आहे. त्याच्यासाठी रिमफायर काडतुसे अपुरी आहेत. जवळून जमले तरी जखमी होऊन पळण्याची शक्यता फार मोठी असते. .२२३ आणि .२२-२५० ही इथे नेहमीची उत्तरे आहेत, .२०४ सुद्धा ४० ग्रेनच्या गोळीने चालते. ज्याला कातडे विकायचे आहे त्याने .१७ रेमिंग्टन (हे सेंटरफायर काडतूस आहे, .१७ एचएमआर नव्हे) किंवा .२०४ पाहावे, कारण छोटी वेगवान गोळी सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडून आतच फुटते. .२४३ मधून दर सेकंदाला ३,७५० फूट वेगाने निघणारी ५८ ग्रेनची गोळी मात्र अनेकदा बाहेर पडताना कातड्याची चिंधी करते.

तरीही .२४३ ला एक भक्कम बाजू आहे. ज्याला एकच रायफल घ्यायची आहे, आणि तिनेच हरण व कायोटी दोन्ही साधायचे आहेत, त्याने हीच घ्यावी. ८७ ग्रेनच्या व्ही-मॅक्सचा बॅलिस्टिक कोएफिशंट .४०० असल्याने सोसाट्याच्या वाऱ्यात ती .२२४ च्या सर्व हलक्या गोळ्यांना मागे टाकते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर दिवसभर वापरण्याची रायफल ती नव्हे, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

खरेदीपूर्वी

नियम प्रत्येक राज्याचे निराळे आहेत. परवाना, हंगाम, सार्वजनिक जमिनीवरील बंधने आणि काही ठिकाणी कॅलिबरवरील मर्यादा, हे सर्व त्या राज्याच्या वन्यजीव विभागाच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेतून तपासावे. प्राणी ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. यूटा प्रेअरी डॉग ही संघराज्याच्या कायद्याने संरक्षित जात आहे, आणि प्रेअरी डॉगवर जगणारा काळ्या पायांचा फेरेट तर अमेरिकेतील अत्यंत दुर्मीळ सस्तन प्राण्यांपैकी एक आहे.

रायफल घेतल्यावर एकाच प्रकारची काडतुसे मोठ्या प्रमाणात विकत घेऊ नयेत. एकाच कॅलिबरची, एकाच कारखान्याची दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी त्यांना मानवणारी गोळी वेगळी निघते. तीन-चार निरनिराळ्या वजनांची एकेक पेटी घ्यावी, १०० यार्डांवर थंड नळीने पाच-पाच गोळ्यांचे गट पाडावेत, आणि ज्या काडतुसाचा गट सातत्याने इंचाच्या आत येतो त्याच उत्पादन-क्रमांकाची पुरेशी काडतुसे हंगामापूर्वी साठवावीत. त्यानंतर तोच गट २०० आणि ३०० यार्डांवर, वारा असलेल्या दिवशी, जमिनीवर झोपून आणि दुपायी आधारावरून पाडून पाहावा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात राहत नाहीत, तिथे आपला पल्ला संपतो, मग काडतुसाच्या खोक्यावर काहीही लिहिलेले असो.